कुलपाचे पाय

लग्नाला डझनभर वर्षं होऊन गेली तरी घरात तिला नवीच म्हणत. लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी सासूबाई म्हणाल्या होत्या, "अरे, नवीला चहा द्या कोणीतरी," आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. पुढे घराचा रंग दोनदा बदलला, फ्रिज बदलला, सोफ्यातली स्प्रिंग वर आली आणि तिच्यावर उशी ठेवायची सवयसुद्धा जुनी झाली. नवी मात्र जुनी व्हायला तयार नाही. तिची काही तक्रार नव्हती. "बरंय की," ती म्हणे, "नव्या वस्तूला माणसं जपून वापरतात."

"कुठल्या घरात?" नवरा विचारी.

नवीचं काम वेबपेज मांडायचं. फोनवर एखाद्या दुकानाचं नाव शोधलं की त्याचं जे पान उघडतं, ते आकाशातून पडलेलं नसतं. कोणीतरी बसून मांडलेलं असतं. तसं मांडणाऱ्यांतली ती एक. लग्नाआधी ती रबरी शिक्के करणाऱ्याकडे कामाला होती. शिक्क्यात अक्षरं उलटी लावावी लागतात, तेव्हा कुठे ती कागदावर सुलटी उमटतात. काही वर्षं सगळं जग उलटं वाचून झाल्यावर सरळ अक्षरं लावायचं काम म्हणजे तिला सुट्टीच वाटली. कोणाच्या शिकवणीला गेली नाही. बघितलं, मोडलं, परत जोडलं, असं करत शिकली. मग ओळखीतून गिऱ्हाइकं आली. एक दातांचे डॉक्टर आले, एक पोहायला शिकवणाऱ्या बाई आल्या, एक गाद्या करणारा आला, तो अजून पान बघतच नाही, नुसता "छान छान" म्हणतो.

तिच्या पानांची एक गंमत होती. त्यावरचा एखादा शब्द बघता बघता बदलायचा. डॉक्टरांच्या पानावर "आम्ही दात" हे दोन शब्द जागच्या जागी, आणि पुढे आळीपाळीने "काढतो", "भरतो", "बसवतो". पोहण्याच्या पानावर "पोहायला शिकवू" आणि पुढे एकामागून एक "लहानांना", "मोठ्यांना", "घाबरटांना". त्या बाई म्हणाल्या, सगळ्यांत जास्त फोन घाबरटांचेच येतात.

आता असं करायचे दोन रस्ते. पानावर काय लिहायचं ते एक वेगळं. ते दिसायचं कसं, म्हणजे रंग कोणता, अक्षर केवढं, कुठे उभं राहायचं, हे सांगणारी असते ती स्टाइलशीट. आणि पानाला पळवणारी, नाचवणारी असते ती स्क्रिप्ट. शब्द बदलायचा म्हटलं की बहुतेक जण स्क्रिप्टला हाक मारतात. नवी मारत नसे. ती सगळं नुसत्या स्टाइलशीटवर भागवायची. "घरातलं माणूस करतंय ना ते काम? मग बाहेरून गडी कशाला बोलवायचा?" हे तिचं ठरलेलं उत्तर.

रीत तशी सोपी. सगळे शब्द एकाखाली एक लिहायचे, माळेसारखे. त्या माळेपुढे बरोबर एका ओळीएवढी खिडकी ठेवायची आणि खिडकीबाहेरचं काही दिसू द्यायचं नाही. मग स्टाइलशीटला सांगायचं, माळ वर सरकव, थांब, सरकव, थांब. थांबायचं किती नि सरकायचं किती, ते एका फेरीचे शंभर भाग पाडून सांगायचं. बघणाऱ्याला वाटतं शब्द बदलला. शब्द कसला बदलतोय! तो आपला वरच्या मजल्यावर गेला आणि खालचा भाडेकरू खिडकीत येऊन उभा राहिला. आणि मेख पुढेच आहे. माळेच्या तळाशी पहिलाच शब्द पुन्हा एकदा लिहून ठेवायचा. माळ संपली की झटक्यात मूळ जागी येते, पण खिडकीत तोच शब्द असल्याने झटका कोणालाच कळत नाही.

हे सगळं ऐकून घेऊन सासूबाई म्हणाल्या होत्या, "संसारासारखंच की. रोज तेच, पण फिरतंय असं वाटतं."

एवढी सगळी करामत चालायची जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला. तेही टोक तिचं नव्हतं, उसनं होतं. ताटं आली की लॅपटॉप मांडीवर, वायर गळ्यात. पाहुणे आले की सगळं पलंगावर, आणि पलंगावर कोणी आडवं झालं की खिडकीच्या कट्ट्यावर. कीबोर्डच्या फटींत पावाचा इतका चुरा होता की सासूबाई म्हणत, "उपाशी राहायची वेळ आली तर ते यंत्र झटकून घ्या." या घरात नवीला सगळं मिळालं होतं, बंद करून घेता येईल असं एक दार सोडून.

सासऱ्यांचं कुलपांचं दुकान होतं. घर वर, दुकान खाली. रस्त्याकडच्या बाजूला गल्ला आणि किल्ल्या घासायचं यंत्र, आणि मागे एक खोली. त्या खोलीला एक खिडकी, एक प्लग आणि मेलेल्या कुलपांची खोकी. सासरे मोडकं कुलूप टाकत नसत. "ह्यातला एखादा दात उद्या कोणाला लागेल," म्हणून ठेवून देत. बोलणं अगदी मोजकं. त्यांच्याकडे एक "हं" होता आणि त्याच एका "हं"मध्ये होकार, नकार, राग, कौतुक सगळं असायचं. कुठला "हं" कुठला, ते फक्त सासूबाईंना कळे, आणि त्याही अधूनमधून चुकत.

दुकानासमोर बँकेच्या दारावर लाल दिव्यांची अक्षरं धावायची. गिऱ्हाईक नसलं की सासरे ती बघत उभे राहत. काय लिहिलंय त्याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. अक्षरं चालतात, याचंच अप्रूप.

एके दिवशी जेवताना ते एकदम म्हणाले, "नवी, दुकानाचं पान करशील?"

नवऱ्याच्या हातातला चमचा वरच्या वर राहिला.

"करीन की, बाबा."

"अक्षरं हलायला हवीत. बँकेसारखी."

"हलतील."

"आणि माझ्या फोनवर चालायला हवं."

तो फोन म्हणजे एक म्हातारा होता. स्क्रिप्टवालं पान उघडलं की त्याला धाप लागायची, मग गरम व्हायचा, मग डोळे मिटायचा. म्हणजे काम नवीच्याच पद्धतीचं.

"तुमच्या फोनला जिना चढायला लावणार नाही," नवी म्हणाली.

"हं." मग घास संपवून ते म्हणाले, "पान नीट झालं की मागची खोली घे तू. वस्तू सारखी इकडून तिकडे उचलून ठेवली की बिघडते. माणसाचंही तेच."

त्यांनी बोललेलं एवढं लांबलचक वाक्य सासूबाईंनीसुद्धा बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

नवी पानाला भिडली. वर दुकानाचं चित्र, खाली पत्ता नि फोन, आणि मधोमध मोठ्या अक्षरात "आमच्याकडे मिळेल टिकाऊ", आणि पुढे खिडकीत एकेक येणार: "कुलूप", "किल्ली", "कडी", "बिजागरी". लॅपटॉपवर लावून दाखवलं. सासरे चष्मा लावून, हात पाठीशी बांधून, माळ फिरून पहिल्यावर येईपर्यंत बघत राहिले. परत पहिल्यापासून बघितलं.

"हं."

"आवडलं," सासूबाईंनी भाषांतर केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सासऱ्यांनी मागच्या खोलीतली खोकी बाहेर काढायला घेतली. नवीने दुपारी जाऊन पाहिलं तर जवळजवळ अर्धी जमीन मोकळी. तिथे उभं राहून तिने मनातल्या मनात टेबल ठेवलं, उचललं, परत ठेवलं.

त्याच आठवड्यात तो फोन आला.

नवी चहाचा थर्मास घेऊन दुकानात गेली होती. सासऱ्यांचे हात तेलाने माखलेले, म्हणून फोन नेहमीसारखा स्पीकरवर. लाइन खरखरत होती.

"हॅलो, तुमच्याकडे कलप मिळतो ना?" एक बाई विचारत होत्या.

चाळीस वर्षं कुलपं विकलेल्या माणसाला जे ऐकू यायचं तेच आलं. "मिळेल की. लहान हवं का मोठं?"

"मध्यम चालेल. आमच्या ह्यांच्यासाठी हवाय. टिकेल ना पण?"

"बाई, मी लावलेलं पंधरा वर्षं हलत नाही."

"पंधरा वर्षं!" बाईंचा आवाज चढला. "आणि पाण्याने जात नाही?"

"पाण्याने काय होतंय? वर्षातून एकदा तेल सोडायचं, बस्स."

"तेल ते रोज लावतात हो."

"रोज नको. चिकट होतं, मग त्यात धूळ बसते."

"हो, तेच मी सांगते त्यांना! रंग कुठले येतात?"

"काळं आहे, पितळी आहे, आणि पांढरं चकचकीत."

"अगंबाई, पांढरा कशाला कोण लावून घेईल?"

"पांढऱ्यालाच मागणी आहे, बाई. गंजत नाही."

"घरी येऊन लावून देता का?"

"देतो ना. जुनं उचकटून काढतो, भोकं पाडतो, नवं ठोकून देतो."

"भोकं?"

"दोन मोठी, चार बारीक."

"अहो, पण भोकं कुठे पाडता?"

"कुठे म्हणजे? दाराला!"

"दाराला काय करायचाय कलप? डोक्याला लावायचा कलप म्हणते मी! केस काळे करायचा! तुमच्याच पानावर लिहिलंय ना, टिकाऊ कलप म्हणून? त्याच्यामागून किल्ली, बिजागरीपण येतं. मी म्हटलं, हल्ली एका दुकानात सगळंच मिळतं."

सासऱ्यांनी फोन बंद केला. हात पुसले, एकेक बोट करून. मग आपल्या त्या म्हाताऱ्या फोनवर दुकानाचं पान पहिल्यांदाच उघडलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, खिशात टाकलं. आणि नवीकडे पाहिलं. त्या बघण्यात "हं"सुद्धा नव्हता.

आता इथे घरातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर त्या बघण्याचा अर्थ लागायचा नाही. सासरे केसांना कलप लावत. वय पुढे पुढे चालत होतं आणि केस मात्र मागे मागे, पार कॉलेजात जाऊन बसले होते. एक रविवार सोडून एक रविवार ते बाथरूममध्ये शिरत, आतून कडी घालत आणि बराच वेळ बाहेर येत नसत. घरात त्याला "मोठी अंघोळ" म्हणत. बाटली नळाच्या जुन्या वायसरांच्या डब्यामागे असे. टॉवेलावर काळे डाग पडत, सासूबाई ते धुताना कोणी आलं तर म्हणत, "ह्यांच्या कामात गंज फार." झाकली मूठ सव्वा लाखाची. "कलप" हा शब्द त्या घरात कोणी उच्चारतच नसे. त्या शब्दालाच कुलूप घातलं होतं म्हणा ना.

आणि सुनेने तो मोठ्या अक्षरात, जगाला दिसेल असा, फिरत्या खिडकीत लावला होता. वर "टिकाऊ" लिहून.

संध्याकाळी नवी वर आली ती धापा टाकतच. लॅपटॉप उघडला. खिडकीत "कुलूप". व्यवस्थित, ठसठशीत. माळ फिरली, पुन्हा "कुलूप". नवऱ्याला दाखवलं. तो चष्म्याच्या दुकानात नोकरीला. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायचा.

"कुलूप," तो म्हणाला. आपल्या फोनवर उघडलं. "इथेही कुलूप."

"मग बाबांनी काय वाचलं?"

"ज्याच्या मनात जे असतं, ते तो वाचतो."

"आणि त्या बाईंच्या मनातही तेच होतं? काहीतरी फोनाचीच भानगड आहे."

"नाचता येईना, अंगण वाकडं," नवरा म्हणाला, आणि तिने जे पाहिलं त्याच्याकडे, ते पाहून भाजी निवडायला बसला.

अबोला सुरू झाला. सासरे जेवताना सासूबाईंना म्हणत, "तिला सांग, मीठ इकडे दे." मीठ नवीच्या हातात असे, नवी समोर असे, तरी निरोप सासूबाईंमार्फत जाई. सासूबाई वैतागल्या. "मला तिकिटं लावा आता," म्हणाल्या, "टपालखातंच झालंय माझं."

एवढ्यावर भागलं असतं तर नवीने सोसलं असतं. पण दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत खडखडाट ऐकू आला. सासरे खोकी परत आत नेत होते. रागाने नाही, आपटून नाही; एकेक, नीट, भिंतीला लावून. नवी दारात उभी राहिली. मोकळी झालेली जमीन तिच्या डोळ्यांदेखत मेलेल्या कुलपांखाली चालली होती. ते तिच्या अंगावरून दोनदा गेले, तिसऱ्या खेपेला म्हणाले, "वाट," म्हणजे वाट सोड. तिने सोडली.

त्यांचा फोन हातात आल्याशिवाय उलगडा नव्हता, आणि तो मागायची सोय नव्हती. तो सदऱ्याच्या खिशात. जेवताना खिशात, झोपताना उशाखाली. फक्त एकाच वेळी तो बाहेर असे.

रविवारी सासूबाईंनी तिला खूण केली. बाथरूमची कडी आतून लागल्याचा आवाज आला होता. सदरा खुंटीवर होता. सासूबाईंनी त्यातून फोन काढून पदराखाली आणला आणि टेबलावर ठेवला.

"घे. आज मोठी अंघोळ आहे."

नवीने पान उघडलं. नवरा मागून वाकला. खिडकीत स्वच्छ लिहिलं होतं, "कलप".

"आई शप्पथ," नवरा म्हणाला.

"शू!" दोघी एकदम.

"कडी", "बिजागरी" सगळं जागेवर. फक्त तो एकच शब्द फितूर. नवी तशीच बघत राहिली. पाचव्या का सहाव्या फेरीला तिच्या लक्षात आलं. "कलप" उभा असतो तेव्हा कलप. पण तो वर सरकायला लागला, की जाता जाता त्याच्या खालून काहीतरी डोकावतं. क च्या खाली एक शेपटी, ल च्या खाली एक. क्षणभर "कुलूप" दिसतं, नि गेलंच वर.

"पाय कापले जातायत," नवी पुटपुटली.

"कोणाचे?" सासूबाईंनी घाबरून बाथरूमकडे पाहिलं.

"कुलपाचे, आई. क चा उकार नि ल चा ऊकार. खिडकी बुटकी झालीय. शब्द थांबतो तेव्हा त्याचे पाय खिडकीच्या खाली राहतात. माझ्या लॅपटॉपवर अक्षरांचे पाय आखूड आहेत, तिथे मावतात. ह्या फोनातल्या अक्षरांचे पाय लांब."

"आणि आधीची ती दातांची पानं?"

नवीने आठवून पाहिलं. काढतो, भरतो, बसवतो. लहानांना, मोठ्यांना, घाबरटांना. नशिबाने आजवर एकाही शब्दाला खाली पायच नव्हते. पहिला पायवाला शब्द आला, तोही कुठल्या घरात यावा!

"ध चा मा ऐकला होता," सासूबाई म्हणाल्या. "तुझं वरताण झालं."

"मग कर की खिडकी मोठी," नवरा म्हणाला. "दोन आकडे बदलायचे. विषय संपला."

"संपला कसा? आत्ता बदललं आणि उद्या बाबांनी बघितलं, तर कुलूप दिसणार. म्हणतील, टोमणा मारला, अंगाशी आला, गुपचूप पुसला. चोराने माल परत ठेवला म्हणून चोरी झालीच नाही, असं कोण म्हणतं?"

"मग सांग त्यांना काय झालं ते," सासूबाई म्हणाल्या.

"काय सांगू, आई? सांगायचं तर तो शब्द बोलावा लागेल."

तिघांनीही बाथरूमच्या दाराकडे पाहिलं. आत नळ सुरू झाला होता.

नवी लॅपटॉपपाशी बसली आणि तीच माळ, तीच बुटकी खिडकी घेऊन तिने एक चाचणीचं पान केलं. फक्त शब्द दुसरे घातले. बेतून, पारखून, कोणाच्या डोक्याशी संबंध नसलेले. आणि माळेची चाल अगदी सावकाश केली, वरातीतल्या आजोबांसारखी. ते पान सासऱ्यांच्या फोनवर उघडते न उघडते तोच कडी वाजली.

सासरे बाहेर आले. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, कानाजवळ एक काळा ओघळ. रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी दुसरीकडे पाहायचं असतं. नवऱ्याने छताकडे पाहिलं, सासूबाईंनी तांदळाच्या डब्यात. नवीने त्यांच्याकडेच पाहिलं, कारण तिला दुसरा इलाज नव्हता.

"माझा फोन," सासरे म्हणाले. टपालाशिवाय, थेट.

"देते, बाबा. एवढं एक वाचा आणि घ्या."

ते वाचायचे नाहीत असं वाटलं. पण अक्षरं हलत होती, आणि हलत्या अक्षरांपुढे त्यांचं काही चालत नसे. त्यांनी फोन लांब धरला.

"फल," ते म्हणाले. शब्द सरकला. "फल... नाही, फूल." खालचा आला. "दर." तो निघाला. "अं? दूर." आता त्यांनी टेबलावरचा चष्मा घेऊन टॉवेलाच्या आत खुपसला. "धर... धूर. खण... खूण."

माळ एकदा फिरली. ते उभ्या उभ्या दुसरी फेरी बघायला लागले.

"पाय तुटतायत," ते म्हणाले.

"हो, बाबा. खिडकी लहान केली मी. माझ्या पडद्यावर बसली म्हणून समजले सगळीकडे बसेल. तुमच्या फोनवर एकदा लावून बघायला हवी होती, नाही बघितली."

"दाराचं माप न घेता चौकट केलीस."

"केली."

"हं."

सासूबाईंनी तांदळातून मान वर काढली, पण हा "हं" कुठला, ते त्यांनाही सांगता येईना.

"कुलपाचंही असंच झालं?" सासऱ्यांनी विचारलं.

"असंच."

"दोन्ही पाय गेले?"

"दोन्ही."

"मग राहिलं काय?"

झालं. सगळी मेहनत घेऊन ती जिथे जायचं नाही म्हणत होती, तिथेच त्यांनी तिला आणून उभं केलं. स्वयंपाकघरात चौघं जण होते आणि चौघांनीही मनातल्या मनात ते दोन पाय काढून बघितले होते. नवऱ्याला एकाएकी छतावर फार काही दिसायला लागलं.

इतक्यात सासऱ्यांच्या हातातला फोनच वाजला. त्यांनी सवयीने स्पीकर लावला.

"नमस्कार," कोणी पुरुष होता, जरा दबक्या आवाजात. "आपल्या पानावर बघितलं. तो... आपला तो... कलप मिळेल का?"

सासऱ्यांनी फोनकडे पाहिलं. सुनेकडे पाहिलं. कानाजवळचा ओघळ हनुवटीपर्यंत आला होता. तो मनगटाने पुसला.

"कलप इथे नाही मिळत, साहेब," ते म्हणाले. "आमचं कुलपांचं दुकान. लिहिण्यात थोडं खाली-वर झालंय. कलप कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात मिळेल."

"चांगला असतो का त्याच्याकडचा?"

"चांगला असतो. मी तोच लावतो."

तांदळाच्या डब्याचं झाकण खाली पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं.

"हो, बरीच वर्षं," सासरे फोनात सांगत होते. "आणि ऐका, काळाकुळकुळीत घेऊ नका. लगेच ओळखू येतो. जरा तपकिरी घ्या... नाही, नाही, मी काळाच लावतो. म्हणून तर सांगतोय."

फोन ठेवला. सासूबाई झाकण उचलत, अगदी भोळा चेहरा करून म्हणाल्या, "अगंबाई. म्हणजे टॉवेलावर तो गंज नव्हता?"

"तुला माहीत नव्हतं?"

"मला? छे!"

सासऱ्यांनी मुलाकडे पाहिलं. "तुला?"

"मी चष्म्याच्या दुकानात असतो, बाबा," मुलगा म्हणाला, "मला जवळचं दिसत नाही."

"आणि तुला गं?"

"मी तर नवी," नवी म्हणाली. "मला कोण काय सांगतंय?"

सासऱ्यांचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं खोकला आला. टॉवेल सुटून खाली आला तरी ते हसतच होते, आणि ओले काळेभोर केस त्या दिवशी सगळ्यांसमोर, उजेडात, पहिल्यांदा वाळवत बसले.

नवीने खिडकी उंच केली, माळेची पावलंही तेवढीच मोठी केली, आणि ह्या खेपेला आधी त्यांच्याच फोनवर लावून बघितलं. "कुलूप" आलं, दोन्ही पाय खाली टेकून उभं राहिलं, आणि सावकाश वर गेलं. सासऱ्यांनी ते चार-पाच वेळा जाऊ दिलं. मग सदरा घालून म्हणाले, "चल."

दोघं खाली गेले. खोकी परत बाहेर काढायची होती, आणि ती या आठवड्यात काही हलकी झाली नव्हती. एकीकडे त्यांनी धरलं, एकीकडे तिने.

"टेबल कुठे येणार?"

"खिडकीपाशी."

"उजेड पडद्यावर पडेल. दिसणार नाही काही."

"मग पाठ करीन खिडकीकडे."

"पाठ केलीस तर पावसाने उघडीप कधी दिली तेही कळायचं नाही. आडवं ठेव. बाजूला."

"बाजूला ठेवलं तर प्लग लांब पडतो, बाबा."

"वायर देईन मी." खोकं खाली ठेवून त्यांनी कमरेवर हात ठेवला आणि दाराकडे पाहिलं. त्या दाराला कधी कडीच नव्हती. खोकी काही पळून जात नाहीत. त्यांनी खिशातून टेप काढली, गुडघ्यावर बसले. "दार ओढून धर जरा. आतून. फट बघायचीय."

नवी आत गेली आणि तिने दार ओढलं. बाहेर बँकेसमोर एक गाडी थांबली, कोणीतरी कोणाला हाक मारली, ते सगळं एकदम लांब गेलं. आत मोकळी जमीन, एक खिडकी, एक प्लग. ती तशीच कडीच्या जागी हात धरून उभी राहिली. बाहेर टेपची कुरकुर, मग पेन्सिलीने काहीतरी खरडल्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही.

मग दारावर टकटक झाली.

"आहेस ना आत?"

"आहे, बाबा. काय हवं होतं?"

"काही नाही. काम करत बस. आवाज कितपत येतो ते बघत होतो."